पूल राहिला, गिरणी जळली

सेंट लुईसहून दक्षिणेला दोनेक तास गाडी हाकली की केप जिरार्डो येतं. तिथून पश्चिमेला बर्फर्डव्हिल हे चिमुकलं गाव, आणि व्हाइटवॉटर नदीच्या काठावर चार मजली बॉलिंजर गिरणी. आम्ही आधी चाक शोधलं. कॅलेंडरवर असतं तसं प्रचंड लाकडी चाक इथे नाहीच. पाण्याचं बळ घेणारं टर्बाइन खाली दडलेलं. आपल्या छत्रपती संभाजीनगरच्या पाणचक्कीतही पाती अशीच नजरेआड फिरतात.

आत जात्याच्या तळी पाहिल्या. आजीच्या जात्यासारख्याच, फक्त दोघींनी मिळूनही हलायच्या नाहीत एवढ्या. दगडावरच्या खाचा दळून दळून बोथट होतात, मग टाकी लावावी लागते. आपल्याकडे ते काम करणारे पाथरवट दारोदार फिरत. इथेही वरची तळी उचलून हातानंच खाचा पाडायच्या. पिठाचा पोत त्या खाचांवर ठरे.

नॉर्थ कॅरोलिनाहून आलेल्या जॉर्ज बॉलिंजरनं 1800 च्या सुमारास इथे पहिली गिरणी घातली. त्याच्या मागे मुलगी सारा डॉहर्टी हिनं मुलांच्या मदतीनं ती चालवली. मग अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं आणि दक्षिणेच्या फौजेला पीठ मिळू नये म्हणून उत्तरेच्या सैनिकांनी गिरणी जाळून टाकली. मराठ्यांच्या लढायांच्या गोष्टींवर वाढलेल्या माणसाला रसद तोडणं समजावून सांगावं लागत नाही. दगडी पाया तेवढा उरला. त्याच पायावर सॉलोमन बर्फर्डनं 1867 मध्ये आजची इमारत पुरी केली. गावाचं नावही त्याचंच.

शेजारचा छपराचा पूल मात्र मला गिरणीहून जास्त आवडला. 1858 मध्ये काम सुरू झालं, मध्ये युद्ध आलं, संपायला 1868 उजाडलं. लांबी 140 फूट. छप्पर प्रवाशांसाठी असेल असं वाटतं, पण ते पुलासाठीच आहे. उघड्यावरचे सांधे पावसात कुजतात. वरच्या फळ्या बदलणं स्वस्त, मूळ सांगाडा बदलणं महाग. सांगाड्यात तिरप्या तुळया लाकडाच्या आणि उभ्या सळया लोखंडाच्या. लाकूड वाळून आकसलं, सांधे सैल झाले की सळयांच्या टोकांचे नट आवळायचे. साधी, सुतारालाही पटेल अशी युक्ती. मिसूरी राज्यात असे छपराचे चारच पूल उरलेत, त्यांत हा सर्वांत जुना. आता यावरून फक्त पायी जाता येतं, त्यामुळे मधोमध थांबून तुळया मनसोक्त न्याहाळता येतात. मागून कुणी हॉर्न वाजवत नाही.

गिरणी 1953 मध्ये बॉलिंजरच्याच नात्यातल्या एका कुटुंबानं विकत घेतली. पुढे ती स्थानिक इतिहास मंडळाकडे गेली आणि 1967 मध्ये राज्य सरकारच्या ताब्यात आली.