पडद्यावरची बाटली आणि घरातला हिशेब

दारूच्या दुष्परिणामांवर आपल्या वस्त्यांतून आजवर भाषणे पुष्कळ झाली. पण आपल्या मुलांची दारूशी पहिली ओळख भाषणातून होत नाही. ती होते सिनेमातून, मालिकेतून, लग्नाच्या वरातीत वाजणाऱ्या गाण्यातून. दारू वाईट हे सगळ्यांना पाठ आहे, पिणाऱ्यालाही. म्हणून वाचकहो, आज दुसराच प्रश्न घेऊ. पुस्तके, गाणी आणि पडदा पिणारा माणूस कसा दाखवतात, आणि त्या चित्रातून कोणाला वगळतात?

मराठीत सुरुवात 'एकच प्याला'पासून करावी लागते. राम गणेश गडकऱ्यांचे हे नाटक त्यांच्या निधनानंतर १९१९ मध्ये रंगभूमीवर आले. सुधाकर हुशार वकील. कोर्टात अपमान होतो, तळीराम पेला पुढे करतो आणि घराची राखरांगोळी होते. सिंधू दळणे दळते, मूल जाते, ती जाते, शेवटी सुधाकरही विष पितो. दारूविरुद्ध इतके कडक नाटक दुसरे क्वचितच असेल. तरी लोकांच्या तोंडी राहिला तो तळीराम! आजही ३१ डिसेंबरच्या बातम्यांत पिणाऱ्यांना 'तळीराम' म्हटले जाते, तेही हसत हसत. दळणे दळणाऱ्या सिंधूचे नाव त्या बातमीत कोणी काढत नाही.

हिंदी सिनेमाने दोन पिणारे घरोघर पोहोचवले. एक रडणारा, एक हसवणारा. रडणारा म्हणजे देवदास. शरदचंद्रांची कादंबरी १९१७ ची. तिच्यावर सैगल, दिलीपकुमार, शाहरुख खान असे पिढीगणिक देवदास आले. हा जमीनदाराचा मुलगा. त्याला रेशन भरायचे नव्हते, मुलाची फी भरायची नव्हती. प्रेमभंग झाला, प्याला, मेला, आणि प्रेक्षक हळहळला. हसवणारा म्हणजे जॉनी वॉकर. हे गृहस्थ मुळात बेस्टचे कंडक्टर. नाव मिळाले व्हिस्कीचे, पण स्वतः दारूला शिवत नसत, असे त्यांच्याविषयी सांगतात. नट म्हणून त्यांना मानले पाहिजे. पण ज्या घरात रात्री दहाला तसेच झोकांड्या खात कोणी दार ठोठावतो, त्या घरातल्या मुलाला ती चाल पाहून हसू येत नाही.

यात आणखी एक भेद आहे. बंगल्यातल्या काचेच्या पेल्यातली दारू म्हणजे दुःख, आणि झोपडपट्टीतली देशी म्हणजे या लोकांची सवयच! श्रीमंताच्या पिण्याला गझल मिळते, गरिबाच्या पिण्याला शिवी. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे गेली. काही दिवस टीव्हीवर बातम्या चालल्या, मग कॅमेरे निघून गेले. मागे राहिलेल्या बायकांवर मालिका कोणी काढली?

मी कार्यालयात आस्थापना शाखेत कारकून आहे. वारसा हक्काची आणि कुटुंब निवृत्तिवेतनाची प्रकरणे माझ्या टेबलावर येतात. मृत्यूच्या दाखल्यावर यकृताचा आजार लिहिलेला असतो. पस्तिशीतली बाई समोर उभी असते. पतपेढीचे कर्ज किती, जामीनदार कोण, विनावेतन रजा किती, हे तिला माझ्या तोंडून पहिल्यांदा कळते. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, जमा-खर्च मला कळतो. पडद्यावर फक्त बाटली दिसते, खर्चाची बाजू दिसत नाही. नायकाच्या दुःखाचे बिल कोणी भरले, हे एकही चित्रपट सांगत नाही.

अपवाद आहेत, आणि ते आपल्या साहित्यात आहेत. दया पवारांचे 'बलुतं' १९७८ मध्ये आले. त्यातला पिणारा बाप विदूषकही नाही आणि देवदासही नाही. तो मुंबईत राबणारा माणूस आहे आणि त्याचे पिणे आपल्याला मुलाच्या डोळ्यांनी दिसते. अनिल अवचटांच्या 'गर्द'नेही व्यसनी मुलांकडे माणूस म्हणून पाहायला शिकवले. १९८६ मध्ये पुण्यात डॉ. अनिता अवचटांनी, म्हणजे सुनंदाताईंनी, अवचटांसह मुक्तांगण सुरू केले. त्याला पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी देणगी दिली. लिखाणातून असे कामही उभे राहते.

सिनेमातली आणखी एक खोटी गोष्ट म्हणजे दारू सोडणे. नायक बाटली फोडतो, आईच्या पाया पडतो, संपले! माझा थोरला भाऊ ट्रक चालवायचा. त्याने सोडली तेव्हा तिसऱ्या दिवशी हात थरथरू लागले, भिंतीवर नसलेली माणसे दिसू लागली. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम थांबवले तर फिट येऊ शकते, जिवावर बेतू शकते, डॉक्टर लागतोच. दोनदा तो पुन्हा घसरला. आता सहा वर्षे झाली. तरी टीव्हीवर बाटली उघडल्याचा आवाज आला की तो पाणी प्यायला उठतो, आणि वहिनी पडद्याकडे न पाहता त्याच्या पाठीकडे पाहत राहते. वरातीत 'चार बोतल'चे गाणे लागले की तो मांडवाबाहेर जाऊन उभा राहतो. ज्या समाजाने १९५६ मध्ये दारू न पिण्याची प्रतिज्ञा घेतली, ज्याच्या जलशांनी ढोलकीच्या तालावर प्रबोधन केले, त्याच्या वरातीत हे गाणे वाजावे काय?

कायदे आहेत. केबल टीव्हीवर दारू-तंबाखूच्या जाहिरातींना २००० पासून बंदी आहे. मग तीच नावे सोडा आणि वेलचीच्या पाकिटावर आली. महाराष्ट्रात गुटखा २०१२ मध्ये बंद झाला, तरी मोठमोठे नट वेलची चघळताना दिसतातच. सिनेमात सिगारेट पेटली की खाली इशाऱ्याची ओळ येते. २०२३ पासून मोबाईलवरच्या मालिकांनाही ती सक्तीची झाली. ओळ खाली बारीक अक्षरात, नायक वर रुबाबात. मूल वाचते काय आणि पाहते काय?

एक चित्र मात्र मला फार मोलाचे वाटते. आपल्या राज्यात दारूचे दुकान बंद करायला बायका मतदान करतात. मतपत्रिकेवर दोन बाटल्या असतात, एक उभी, एक आडवी. आडवी म्हणजे दुकान बंद. अक्षरओळख नसलेल्या आईलाही ते कळते. दारूचे हे एकच चित्र मी पाहिले, जे पिणाऱ्याने नव्हे तर सोसणाऱ्या बाईच्या बाजूने काढलेले आहे.

टीव्ही बंद करा असे मी सांगणार नाही, ते होणार नाही. मुलांबरोबर बसा आणि पडद्यावर पेला आला की विचारा, "याचे पैसे कोणाच्या पगारातले? याची वाट कोण पाहत असेल?" मुले आपोआप उत्तर शोधतील. घरात कोणी अडकले असेल तर लपवू नका. १४४४६ हा व्यसनमुक्तीसाठीचा सरकारी मोफत दूरध्वनी क्रमांक आहे. तो भिंतीवर, कॅलेंडरशेजारी लिहून ठेवा.