मोजल्याशिवाय निकाल नाही

अब्बांची प्रीमियर पद्मिनी सात वर्षे ताडपत्रीखाली उभी होती. माझ्या दोन्ही बहिणींची रुखसती त्याच गाडीतून झाली, म्हणून भंगारात द्यायला कुणाचे मन होईना. मागच्या हिवाळ्यात इंजिन करून घ्यायचे ठरले. पहिल्या गॅरेजमध्ये हेड न उघडताच निकाल मिळाला, "मॅडम, वरचा सगळा सेट नवीन टाका." अब्बांचे म्हणणे नेमके उलट, "ओरिजिनल माल आहे, काहीही बदलायचे नाही."

दोघांचेही ऐकून यवतमाळचे एक वयस्क मिस्त्री म्हणाले, "बेटी, आधी खोलू, मोजू, मग बोलू." शाळेला सुट्टी असे त्या दोन रविवारी मी आणि अब्बा त्यांच्या गॅरेजात बसलो.

मोजण्याला कारणही तसेच होते. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात ही गाडी १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट या नावाने तयार होऊ लागली, १९७४ पासून ती पद्मिनी झाली आणि २००० च्या सुमारास उत्पादन थांबले. आता मिळतो तो पडून राहिलेला साठा, नाहीतर नक्कल. चांगला भाग फेकला तर तसा परत मिळेलच असे नाही, आणि झिजलेला भाग तसाच बसवला तर इंजिन पुन्हा उघडावे लागते.

इंजिन १०८९ सीसीचे, चार सिलिंडर, आठ व्हॉल्व्ह. खालच्या कॅमचा उंचवटा टॅपेटला उचलतो, टॅपेट पुश रॉडला, पुश रॉड रॉकरला, आणि रॉकर स्प्रिंग दाबून व्हॉल्व्ह उघडतो. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेते तेव्हा प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला २५ वेळा उघडतो. म्हणजे झीज होणारच. प्रश्न फक्त किती, एवढाच.

चाचांची पद्धत साधी होती. झीज ओळखायची तर त्याच भागावरची न झिजलेली जागा आधी शोधायची. व्हॉल्व्हच्या दांडीचा जो तुकडा गाईडमध्ये घासत नाही तो मायक्रोमीटरने मोजला, मग घासणारा. रॉकर शाफ्टचेही तेच. दोन रॉकरांच्या मधली जागा मूळ मापाची होती, रॉकरखाली मात्र नख अडकत होते.

पुश रॉड काचेवर घरंगळत सोडले. एक डुलत गेला, म्हणजे वाकलेला. आठ स्प्रिंगा शेजारी शेजारी उभ्या केल्या. दोन बुटक्या निघाल्या. टॅपेटच्या तळाला सरळ पट्टी लावून उजेडाकडे धरले. मधे उजेड दिसला तर तळ खोलगट आणि टॅपेट बाद. आमचे आठही पास झाले, कॅमही गुळगुळीत होता. प्रत्येक टॅपेटवर नंबर टाकून ठेवला, कारण जुना टॅपेट ज्या उंचवट्यावर झिजला त्याच उंचवट्यावर परत बसवावा लागतो.

अब्बांना पटले ते रॉकरमुळे. हे इंजिन वर्षानुवर्षे टकटक करायचे. दर वेळी फिलर गेजने टॅपेट सेट व्हायचे, टकटक तशीच राहायची. चाचांनी रॉकरचे टोक दाखवले. व्हॉल्व्ह जिथे टेकतो तिथे खाच पडली होती. गेजची सपाट पट्टी खाचेवर पुलासारखी आडवी बसते, खाचेची खोली मोजलीच जात नाही. पट्टी सांगते माप बरोबर, खरी फट मात्र जास्त असते. अब्बांनी त्या खाचेवरून दोनदा नख फिरवले. थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "हे बदला."

शेवटी रॉकर, त्यांचा शाफ्ट, स्प्रिंगांचा संच, एक पुश रॉड आणि चार एक्झॉस्ट व्हॉल्व्ह नवे घेतले. त्या व्हॉल्व्हच्या कडा जळून सुरीसारख्या पातळ झाल्या होत्या. तशी कडा उष्णता सोसत नाही. इनटेकचे चारही व्हॉल्व्ह लॅपिंग करून परत बसवले. कॅम आणि टॅपेट जुनेच. खर्च पहिल्या गॅरेजच्या आकड्याच्या निम्म्याच्या आसपास आला.

बदललेले भाग चाचांनी न मागता पिशवीत घालून हातात दिले. आपल्याकडे गाडी बहुतेक वेळा नुसती गॅरेजला सोडून येतात आणि संध्याकाळी बिल देतात. तसे करू नका. मिस्त्रीला जुना भाग दाखवायला सांगा आणि तो कुठे झिजला, किती झिजला, हे विचारा. ज्याने मोजले आहे तो आनंदाने दाखवतो.