आठ ओगराळी आणि एकशे चौदा नावं

साताऱ्याला सुट्टीत गेले की नातेवाईक माझ्यापुढे हमखास बिघडलेला प्रिंटर आणून ठेवतात. 'तू कॉम्प्युटरमधली ना?' या प्रश्नाला नाही म्हणता येत नाही आणि हो म्हटलं की प्रिंटर गळ्यात पडतो. खरं सांगायचं तर गेली वीस वर्षं माझं पोट प्रिंटरवर नाही, तर 'ॲप्लिकेशन सर्व्हर' नावाच्या एका न दिसणाऱ्या वस्तूवर चालतं. ही वस्तू नीट चालत असली की ती आहे हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. ती बंद पडली की मात्र रात्री दोन वाजता माझा फोन वाजतो.

ही वस्तू म्हणजे काय, हे मी माझ्या आईला पंगतीचं उदाहरण देऊन सांगते. तुम्ही वेबसाइटवर एखादं बटण दाबता, म्हणजे पंगतीत बसून 'वरण वाढा हो' म्हणता. मुदपाकखान्यात, म्हणजे डेटाबेसमध्ये, वरण तयार असतं. पण पानावरचा माणूस काही उठून आत जात नाही. मधे वाढपी लागतात. जावाच्या जगात या वाढप्यांना थ्रेड म्हणतात आणि त्यांची सगळी व्यवस्था ठेवणारा जो यजमान, तो ॲप्लिकेशन सर्व्हर. मी २००३ साली एम.एस. करायला ओहायोला आले, तेव्हा लॅबमध्ये पहिल्यांदा ज्याच्याशी गाठ पडली तो सर्व्हर होता टॉमकॅट, म्हणजे चक्क बोका!

या बोक्याच्या नावाची गंमत आहे. सन मायक्रोसिस्टिम्समधल्या जेम्स डंकन डेव्हिडसन यांनी तो लिहिला आणि १९९९ साली तो अपाची फाउंडेशनकडे गेला. संगणकाच्या पुस्तकांवर प्राण्यांची चित्रं छापणारी ओरायली ही प्रकाशन संस्था प्रसिद्ध होती, म्हणून डेव्हिडसनना प्राण्याचंच नाव हवं होतं. त्यांनी बोका निवडला, कारण बोका स्वतःची काळजी स्वतः घेतो. पुढे २००३ मध्ये ओरायलीचं टॉमकॅटवरचं पुस्तक आलं, तेव्हा मुखपृष्ठावर बोक्याऐवजी हिमबिबट्या होता. आणि बोका स्वतःची काळजी घेतो हे खरं असतं, तर आमच्यासारख्यांना कुणी पगार दिला नसता.

आता मुद्द्यावर येते. २०२४ च्या गणेशोत्सवाची नावनोंदणी आपल्या मंडळाच्या साइटवर चालू होती. सवलतीच्या दराची मुदत १५ ऑगस्टच्या मध्यरात्री संपणार होती आणि आपण मराठी माणसं असल्यामुळे निम्मं मंडळ त्या रात्री साडेआठनंतरच जागं झालं. नऊ वाजता साइट अडकली. पडली नाही, अडकली. पान उघडायला घ्यावं तर ते चाक नुसतं गरगर फिरत राहायचं. समितीतले एक उत्साही काका दर वीस मिनिटांनी सर्व्हर बंद करून पुन्हा चालू करत होते. थोडा वेळ चालायचं, की पुन्हा तेच. 'मशीन लहान पडतंय, मोठं घेऊ या' असा ठराव होण्याच्या बेतात असताना कुणीतरी मला फोन केला.

मशीन लहान पडतंय का, हे पाहायला दोन मिनिटं पुरतात. प्रोसेसर जेमतेम तीन टक्के कामात होता आणि निम्मी मेमरी रिकामी होती. म्हणजे मुदपाकखान्यात अन्न आहे, मांडवात जागा आहे, तरी पानावर काही पडत नाही. अशा वेळी मोठा मांडव घालून काय होणार? वाढपी करताहेत काय, हे आधी पाहायला हवं. त्यासाठी 'थ्रेड डंप' नावाची सोय आहे. त्या क्षणी प्रत्येक वाढपी कुठे उभा आहे आणि कशाची वाट पाहतोय, याचा तो फोटो असतो. एक फोटो पुरत नाही. दहा-दहा सेकंदांनी तीन काढायचे. एका फोटोत माणूस थांबलेला दिसला तर तो नुसता श्वास घेत असेल, पण तिन्ही फोटोंत त्याच जागी असला तर तो अडकलेला आहे. आणि हे फोटो सर्व्हर बंद करण्याच्या आधी काढायचे, कारण रीस्टार्टबरोबर पुरावाही पुसला जातो. काकांना मी पहिली विनंती केली ती एवढीच, की दहा मिनिटं काही बंद करू नका.

तिन्ही फोटोंत त्रेसष्ट वाढपी एकाच ओळीत, एकाच जागी, रिकाम्या हातांनी उभे होते. सगळे ओगराळ्याची वाट पाहत होते.

हे ओगराळं म्हणजे डेटाबेसशी जोडणी. प्रत्येक वेळी नवी जोडणी करणं महाग पडतं, म्हणून ठरावीक जोडण्या आधीच करून एका जागी ठेवतात. वाढप्याने एक उचलायची, वाढून झालं की परत ठेवायची. टॉमकॅटमध्ये, आपण काही सांगितलं नाही तर, वाढपी जास्तीत जास्त २०० असतात. पण त्याच्याबरोबर येणाऱ्या जोडण्यांच्या साठ्यात, आपण काही सांगितलं नाही तर, ओगराळी फक्त ८. आणि ओगराळं मिळालं नाही तर किती वेळ वाट पाहायची? तेही सांगितलं नसेल तर अनंत काळ. मंडळाच्या साइटवर यातलं काहीही सांगितलेलं नव्हतं.

पण आठ ओगराळीही दोन-अडीचशे कुटुंबांना खरं तर पुरायला हवीत, कारण एका वाढणीला क्षणभरसुद्धा लागत नाही. पुरत नव्हती, म्हणजे कुणीतरी परत ठेवत नव्हतं. परत न आलेल्या जोडणीची नोंद ठेव, अशी सूचना सर्व्हरला देता येते. ती दिली आणि पाच-सात मिनिटांत जागा सापडली. कुणी सभासद क्रमांक चुकीचा टाकला की प्रोग्राम 'क्रमांक सापडला नाही' असं सांगून तिथूनच परत फिरत होता. हातातलं ओगराळं ठेवायच्या आधीच! म्हणजे मंडळातल्या आठ जणांनी आपला सभासद क्रमांक चुकवला, की नवव्यापासून सगळ्यांची पानं कोरडी. काकांच्या रीस्टार्टने आठही ओगराळी परत यायची आणि पुढचे आठ विसरभोळे येईपर्यंत पंगत सुरळीत चालायची.

काहीही झालं तरी ओगराळं परत ठेवलंच जाईल, अशी रचना जावा ७ पासून, म्हणजे २०११ पासून भाषेतच आहे. ती वापरून चार ओळी बदलल्या. वाट पाहण्याची मर्यादा दहा सेकंद केली, म्हणजे माणसाला निदान 'पुन्हा प्रयत्न करा' असं उत्तर तरी मिळेल. पावणेअकराला साइट चालू झाली आणि मोठ्या मशीनचा खर्च वाचला. मुदत एक दिवस वाढवली हे सांगायला नकोच.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी हा लेख लिहिला नसता. साइट नीट चालते का हे पाहायला मी एक खोटी नोंदणी केली आणि गळ्यात अडकवायचा बिल्ला कसा दिसतो ते उघडून पाहिलं. आपल्याकडे बिल्ल्यावर नाव रोमन आणि देवनागरी अशा दोन्ही लिप्यांत असतं. देवनागरीच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं होती.

या रोगाचे दोन प्रकार असतात आणि त्यांतला फरक प्रत्येक मंडळाच्या स्वयंसेवकाला माहीत असावा. देवनागरीचं एक अक्षर किंवा एक मात्रा युटीएफ-८ या पद्धतीत तीन बाइट जागा घेते. हे तीन बाइट जसेच्या तसे असतील, पण वाचणारा त्यांना पश्चिम युरोपातली अक्षरं समजत असेल, तर पडद्यावर डोक्यावर तिरपी रेघ असलेला रोमन ए पुन्हा पुन्हा दिसतो आणि मधे विचित्र खुणा. दिसायला हे भयंकर, पण घाबरायचं कारण नाही. माल शाबूत आहे, फक्त चष्मा चुकीचा आहे. बाइट बहुधा पुन्हा नीट वाचून घेता येतात. प्रश्नचिन्हं मात्र दिसायला सोज्वळ आणि खरी वाईट. कुठेतरी नाव लिहून घेणाऱ्याने 'हे अक्षर माझ्याकडे नाही' असं म्हणून त्याच्या जागी प्रश्नचिन्ह लिहिलं. मूळ अक्षर तिथेच संपलं.

मंडळाची साइट त्याआधीच्या हिवाळ्यात नव्या मशीनवर हलवली होती. हलवताना जुन्या सभासदांची नावं चुकीच्या चष्म्यातून आत गेली होती. ती पहिल्या प्रकारची. आधी सगळ्याची प्रत काढून ठेवली, त्या प्रतीवर दुरुस्ती करून पाहिली, मग मूळ ठिकाणी केली. वीस मिनिटांचं काम. पण नव्या मशीनवर डेटाबेसशी जोडणी करताना 'युटीएफ-८ वापर' हे सांगणारे शब्द गळले होते, त्यामुळे त्यानंतर नोंदलेली एकशे चौदा नावं दुसऱ्या प्रकारची होती. ती गेली होती.

समितीतल्या एका तरुणाने सुचवलं, की रोमन नावं तर आहेत, त्यांवरून देवनागरी करून टाकू. शिवाय प्रश्नचिन्हं मोजली तर अक्षरंही कळतील. मोजणी खरीच जुळते. 'काळे' या नावाची चार प्रश्नचिन्हं होतात, क, काना, ळ आणि मात्रा. पण 'काले' याचीही चारच. रोमनमध्ये दोघेही 'केएएलई', आणि अमेरिकन शेजारी तर त्याला पालेभाजी समजून 'केल' म्हणतो. 'डीएटीई' म्हणजे दाते की दाटे, हे यंत्राने कसं ठरवायचं? ज्यांचं नाव त्यांनाच विचारायला हवं होतं.

मग आम्ही चौघांनी फोन करायचे ठरवले. १७ ऑगस्टपासून लागोपाठ तीन शनिवार-रविवार. माझी बारा वर्षांची मुलगी शेजारी वही घेऊन बसायची. मी स्पीकरवर बोलायचे, ती लिहायची. मराठी शाळेत ज्या ऱ्हस्व-दीर्घाला ती नाकं मुरडते, ते त्या वहीत तिने मुकाट्याने दोनदा तपासलं.

एका घरी फोन मुलाने उचलला. स्वतःचं आडनाव देवनागरीत कसं लिहितात ते त्याला माहीत नव्हतं. 'वन मिनिट' म्हणून तो आजोबांना बोलवायला गेला आणि मग आजोबा-नातवाचा पाच मिनिटं ण आणि न चालला. आम्ही ऐकत राहिलो. एक आजी म्हणाल्या, 'इथे आल्यापासून मराठीत नाव विचारणारी तू पहिलीच ग,' आणि नावाबरोबर माहेरचं नावही सांगून ठेवलं.

एका गृहस्थांनी जूनमध्ये दोघांची नोंदणी केली होती. जुलैत त्यांच्या पत्नी गेल्या. आम्हाला ते कळलं नव्हतं. मी गडबडून म्हटलं, की त्यांचं नाव काढून टाकते. ते थोडं थांबून म्हणाले, 'काढू नका. बिल्ला होऊ दे. फक्त पहिला उ ऱ्हस्व लिहा. कुणी दीर्घ काढला की तिला आवडायचं नाही.' मुलीने वहीत ऱ्हस्व उ काढला आणि त्याखाली रेघ ओढली. गणपतीत त्यांनी दोन्ही बिल्ले नेले.

माझ्या कामात रोज हजारो नोंदी डोळ्यांखालून जातात. लॉगमध्ये त्या सगळ्या सारख्याच दिसतात आणि तशा दिसल्या नाहीत तर काम करता येणार नाही. एकशे चौदा ओळी खराब झाल्या, असं एक वाक्य लिहून एखाद्या ऑफिसात मी ते प्रकरण मिटवलं असतं. इथे त्या ओळी फोनवर बोलल्या.

इतर मंडळांच्या स्वयंसेवकांसाठी जाता जाता थोडं उपयोगाचं. देवनागरीची वाट तीन दारांतून जाते: ब्राउझरकडून सर्व्हरकडे, सर्व्हरकडून डेटाबेसकडे आणि डेटाबेसच्या कोठारात. तिन्ही दारांवर युटीएफ-८ असं लिहिलेलं हवं. टॉमकॅट ८ पासून पत्त्यातली अक्षरं आपोआप युटीएफ-८ धरली जातात, पण फॉर्ममधून येणाऱ्या मजकुरासाठी टॉमकॅट ९ पर्यंत वेगळं सांगावं लागतं. मशीन बदललं की पहिल्याच दिवशी जोडाक्षर आणि ळ असलेलं एखादं नाव भरून ते बिल्ल्यापर्यंत पोचतं का ते पाहा. आणि साइट अडकली तर रीस्टार्ट करण्यापूर्वी तीन फोटो काढा.

या अंकाच्या शेवटी सभासदांची यादी छापली आहे. सगळी नावं आता देवनागरीत आहेत. कृपया आपलं नाव एकदा पाहून घ्या. काना, मात्रा, वेलांटी काहीही चुकलं असेल तर समितीला जरूर कळवा. वही अजून आमच्याकडे आहे.