चेन पुसताना गेलेले बोट



माझ्या डाव्या हाताच्या तर्जनीला नख नाही. शेवटचे पेरही अर्धेच आहे. मेळाव्यात बियाणे हातावर घेऊन दाखवू लागलो की पुढे बसलेले एखादे आजोबा हमखास विचारतात, "सायेब, कडबाकुट्टीत गेलं का?" मी 'हूं' म्हणतो. खरे सांगायची लाज वाटते. माझे बोट सायकलीत गेले.

१९९६ सालची गोष्ट. जामखेड तालुक्यात नवी नेमणूक आणि फिरायला काळी सायकल. खर्ड्याच्या बाजूची धूळ बसून चेन करकर वाजे. एका रविवारी सायकल स्टँडला लावली, नऊ वर्षांच्या पुतण्याला म्हणालो, "पायडल फिरव रे," आणि चालत्या चेनवर चिंधी धरली. चिंधीचे टोक दात्यांत गेले, मागोमाग बोट. पोराने घाबरून पायडल सोडले, तोवर व्हायचे ते झाले होते.

त्याच आठवड्यात मी मळणीयंत्रापाशी सैल बाही नको, उपरणे नको, असे सांगून आलो होतो. धोक्याच्या यंत्रांसाठी १९८३ साली संसदेने कायदा केला, त्यात मळणीयंत्र आले. पण सायकलला यंत्र कोण म्हणतो?

तेव्हा एवढे करा. चेन थांबलेली असतानाच पुसा. वीतभर पुसावी, हात बाजूला घ्यावा, मग पायडल फिरवून पुढची वीत समोर आणावी. पुसणारा आणि फिरवणारा माणूस एकच असावा. पोराला मदतीला घेऊ नका.

तेल शिलाई मशीनचे, पातळ. चेनच्या प्रत्येक जोडात एक थेंब. थोड्या वेळाने वरचे पुसून टाका. ओल्या तेलावर आपला फुफाटा बसला की त्याची कानस होते आणि दाते झिजतात. गोडेतेल घालणारेही मी पाहिले आहेत. त्याचा नुसता चिकटा होतो. रिमला आणि ब्रेकच्या रबरांना मात्र तेलाचा हात लावू नका. लागलाच तर साबणाच्या पाण्याने धुवा, नाहीतर उतारावर ब्रेक धरणार नाही.

चेन मधोमध दाबली तर अर्धा इंच खालीवर व्हावी. जास्त सैल असेल तर मागच्या चाकाचे दोन्ही नट सैल करून चाक मागे ओढा, दोन्ही बाजूंनी सारखे. नट घट्ट आवळा. चाक सरकले की ब्रेकची रबरे जागेवर बसत नाहीत, म्हणून तीही बघा. मग ब्रेक दाबून सायकल ढकला. चाक फिरता कामा नये.

पुतण्या आता चाळिशीच्या घरात आला. पंगतीत अजून माझ्या त्या हाताकडे बघत नाही. त्याची मुलगी सायकलने शाळेत जाते. चेनकव्हर खडखडते म्हणून तिने ते काढून टाकले होते. मागल्या रविवारी त्याने दोन नवे स्क्रू आणून स्वतः बसवले. मी शेजारी बसलो होतो. पायडलला काही त्याने मला हात लावू दिला नाही.