एक गाणं, दोन पट्ट्या

आमच्या मडगावच्या घराशेजारी एक तारवटी राहायचा. नऊ महिने बोटीवर, तीन महिने घरी. तो आला की वाड्यावरच्या पोरांना चॉकलेटं मिळायची आणि आम्हा दोघा भावांना मिळायच्या कॅसेटी, अर्थात ऐकून परत करायच्या बोलीवर. १९८३ च्या मे महिन्यात त्याने आणलेल्या कॅसेटींत बीटल्सची 'मॅजिकल मिस्टरी टूर' होती. दादाने ती लावली आणि 'स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरेव्हर' हे गाणं आमच्या घरात शिरलं.

खरं सांगायचं तर तेव्हा ते मला आवडलं नव्हतं. सुरुवातीला बासरीसारखं काहीतरी वाजतं, पण ती बासरी नव्हे. मग एक माणूस झोपेत असल्यासारखा गातो. मध्येच ट्रम्पेट आणि चेलो येतात. गाणं संपलं असं वाटतं तोच ते लांबून पुन्हा परत येतं. कॅसेट खराब आहे, असंच आम्ही समजलो.

बाबा ओसरीवर पेपर वाचत बसले होते. आमची ही 'इंग्लिश पदं' त्यांना मुळीच खपायची नाहीत. ते मूळचे फोंडा महालातले, पेशाने गणिताचे मास्तर. पण जीव सगळा भजनात. गावच्या देवळातल्या भजनी सप्ताहात त्यांची एक पाळी ठरलेली असे. 'आवाज कमी करा' असं सांगायला ते आत आले आणि दारातच थबकले. म्हणाले, "मात्शें फाटीं घे रे." दादाने कॅसेट मागे नेली. त्यांनी कान दिला आणि म्हणाले, "अरे, हें स्वरमंडळ न्हय?"

आम्ही दोघेही हसलो. बाबांना सगळीकडे स्वरमंडळच ऐकू येतं, म्हणालो. पुढे कित्येक वर्षांनी वाचनात आलं की ते खरोखरच स्वरमंडळ आहे. जॉर्ज हॅरिसनने वाजवलेलं. १९६६ च्या सप्टेंबरात हा गृहस्थ रविशंकरांकडे सतार शिकायला मुंबईत आला होता, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस या गाण्यात स्वरमंडळाच्या तारा छेडल्या गेल्या. पहिलं मिनिट संपून थोडं पुढे गेलं की वरून खाली उतरणारी ती झणत्कार ऐकू येते. आमच्या ख्यालगायकांच्या मांडीवरचं वाद्य लंडनच्या स्टुडिओत! एका भजनी मास्तराने ते ओसरीवरून ओळखलं, याचा मला आजही अभिमान वाटतो.

आता या गाण्याची जन्मकथा सांगतो, कारण पुढचा सगळा मुद्दा तिच्यावर उभा आहे.

जॉन लेननने हे गाणं १९६६ च्या शरद ऋतूत स्पेनमधल्या आल्मेरिया इथे रचायला घेतलं. तिथे तो एका सिनेमात काम करत होता. बीटल्सनी त्याच ऑगस्टमध्ये जाहीर दौरे कायमचे थांबवले होते. 'स्ट्रॉबेरी फील्ड' हे लिव्हरपूलच्या वूल्टन भागातलं सॅल्व्हेशन आर्मीचं बालगृह. लेनन लहानपणी जवळच मावशीकडे राहायचा आणि त्या बालगृहाच्या आवारात खेळायला जायचा. म्हणजे गाणं आहे ते लहानपणच्या झाडीचं, आपल्याकडे एखाद्याने आजोळच्या कुळागरावर लिहावं तसं.

२४ नोव्हेंबर १९६६ ला ॲबी रोडच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रण सुरू झालं. पहिला टेक अगदी साधा, हळुवार. त्यात गाणं मुखड्याने सुरूच होत नाही, थेट अंतऱ्याने होतं. मग रचना बदलली, पॉल मॅकार्टनीने मेलोट्रॉन नावाच्या वाद्यावर ती बासरीसारखी सुरावट आधी जोडली आणि सातव्या टेकला गाणं 'झालं' असं ठरलं. पण लेननचं समाधान होईना. त्याने निर्माता जॉर्ज मार्टिनला सांगितलं, पुन्हा करूया, जरा भारदस्त. मार्टिनने चार ट्रम्पेट आणि तीन चेलो यांच्यासाठी स्वरलेखन केलं. डिसेंबरमध्ये नवं रूप तयार झालं. जलद, दणदणीत, आणि वरच्या पट्टीत. हा सव्विसावा टेक.

तो ऐकून लेनन म्हणाला की मला पहिल्याची सुरुवात आवडते आणि दुसऱ्याचा शेवट आवडतो, तेव्हा दोन्ही जोडून टाका. मार्टिनने अडचण सांगितली की दोघांची पट्टी वेगळी, लयही वेगळी. त्यावर लेननचं उत्तर अशा अर्थाचं होतं की ते तुम्ही बघून घ्याल.

आणि त्यांनी बघून घेतलं! टेपचा वेग वाढवला की लय वाढते आणि स्वरही चढतो. वेग कमी केला की दोन्ही उतरतात. सातवा टेक संथ आणि खालच्या पट्टीतला, सव्विसावा जलद आणि वरच्या पट्टीतला. म्हणजे एकाला थोडं वर ढकललं आणि दुसऱ्याला थोडं खाली ओढलं, तर दोघांची गाठ मध्ये कुठेतरी पडणार. दैव बलवत्तर म्हणून लय आणि स्वर दोन्ही एकाच ठिकाणी जुळले. २२ डिसेंबरला मार्टिन आणि ध्वनिमुद्रक जेफ एमरिक यांनी कात्रीने टेप कापून सांधली. तो सांधा बरोबर एका मिनिटावर आहे. एकदा कळलं की दर वेळी ऐकू येतो: लेननचा आवाज एकाएकी जड होतो, जणू गाणारा माणूस तोच पण खोली बदलली. गाण्याची पट्टी आजही पेटीच्या कुठल्या एका स्वरावर नेमकी बसत नाही.

फेब्रुवारी १९६७ मध्ये ही एकेरी तबकडी 'पेनी लेन'सोबत बाजारात आली. इंग्लंडमध्ये ती दुसऱ्या क्रमांकावर अडकली. वर होता एंगलबर्ट हम्परडिंक, ज्याचा जन्म मद्रासचा!

१९९६ मध्ये 'अँथॉलॉजी २' आलं आणि त्यात या गाण्याच्या घरगुती चाचण्या, पहिला टेक आणि सातवा टेक सगळ्यांना ऐकायला मिळाले. २००६ च्या 'लव्ह'मध्ये मार्टिन आणि त्याचा मुलगा जाइल्स यांनी चाचणीपासून अखेरच्या रूपापर्यंतचे तुकडे गुंफून आणखी एक गाणं तयार केलं. २०१७ मध्ये 'सार्जंट पेपर'च्या पन्नाशीच्या संचात आणखी काही टेक बाहेर आले. 'यातलं खरं कुठलं?' हा रॉकवाल्यांचा आवडता वाद. बाबांना मी एकदा तो समजावून सांगितला, तेव्हा त्यांना हा वादच कळेना. केसरबाई एकच राग शंभर वेळा गायल्या असतील, त्यातला खरा कुठला, असं कोण विचारतो? प्रत्येक खरा, त्या संध्याकाळपुरता. हे त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, बाबा, पण तबकडीवर राहिलेला तो जेमतेम तीन मिनिटांचाच ना? ते म्हणाले, "उरलें तें उरलें."

बाबा २०१८ मध्ये गेले. वर्षश्राद्धाच्या आधी दादाचा मुंबईहून फोन आला. सगळे नातेवाईक जमतील तेव्हा बाबांचा आवाज ऐकवायचा, आणि प्रत्येकाला त्याची प्रत द्यायची. मी कपाट उपसलं. तुकोबांचा एक अभंग, भीमपलासातला, बाबांचा सर्वांत लाडका. त्याची तीन ध्वनिमुद्रणं सापडली. पहिलं १९८१ च्या सप्ताहातलं: बाबा त्रेचाळीस वर्षांचे, आवाज खणखणीत, मागे झांजा आणि कुणाचं तरी रडणारं मूल. दुसरं १९९७ मध्ये घरी केलेलं. त्याच्या कॅसेटीला बुरशी लागून अर्धं गेलेलं. तिसरं २००९ मध्ये मी मोबाइलवर घेतलेलं. तेव्हा त्यांना दमा होता. पट्टी उतरलेली, लय संथ. शेवटच्या अंतऱ्याआधी ते थांबतात, खोकतात. आतून आईचा आवाज येतो, "उदक हाडूं?" ते उत्तर देत नाहीत. श्वास घेतात आणि सूर लावतात. तो सूर मात्र असा लागलाय, की १९८१ च्या आवाजाला तो कधीच लागला नव्हता.

दादाचा मुलगा पुण्याला संगणक अभियंता आहे. माझ्याकडून ऐकून ऐकून त्याला स्ट्रॉबेरी फील्ड्सची गोष्ट पाठ. तो म्हणाला, "काका, सुरुवात १९८१ ची घेऊया आणि शेवट २००९ चा. एक चढं, एक उतरलेलं. तुमची तीच गोष्ट!" मला कल्पना अतिशय आवडली. दोन रात्री आम्ही दोघे बसलो. हल्ली लय न बदलता पट्टी बदलता येते, कात्री लागत नाही. झांजांचा गोंगाट कमी केला, मधला खोकला काढला. काम इतकं बेमालूम झालं की सांधा मलाही सापडेना.

सकाळी आईला ऐकवलं. डोळे मिटून तिने सबंध अभंग ऐकला. संपल्यावर काही वेळ बोलली नाही. मग नातवाला विचारलं, "तांची खोंक खंय गेली रे?"

ती खोंक गेली तेव्हा तिचं "उदक हाडूं?" हेही गेलं होतं. त्याबद्दल ती काहीच बोलली नाही. माझ्याच ते तेव्हा लक्षात आलं.

मग मी विचार करत बसलो की तिथे जे जमलं ते इथे का खटकलं. लेननने स्वतः सांगितलं होतं, याचं डोकं आणि त्याचं धड लावा. गाणं त्याचं, हट्ट त्याचा. शिवाय तिथला सांधा ऐकू येतो. गाणं तो लपवत नाही. आम्ही बाबांना न विचारता त्रेचाळीस वर्षांच्या माणसाला एकाच श्वासात एकाहत्तर वर्षांचा केलं, आणि मधली अठ्ठावीस वर्षं पुसून टाकली. पुतण्याने मला अडवलंच, "मग 'लव्ह' तर लेनन गेल्यावर केलं ना?" त्याचं बरोबर आहे. पण 'लव्ह' आलं तेव्हा मूळ गाणं जगभर घराघरात होतं. आमच्याकडे ही तीनच होती, आणि जोडलेलं वाटलं असतं तर नातेवाइकांकडे तेवढंच एक राहिलं असतं. मार्टिनशी बोलताना लेननने पुढे एकदा म्हटलं होतं म्हणे की सगळीच गाणी पुन्हा करावीशी वाटतात, हेसुद्धा. जिवंत माणसाला असं म्हणता येतं. गेलेल्याचं उरलें तें उरलें.

वर्षश्राद्धाला आम्ही तिन्ही वेगवेगळी ऐकवली, बुरशीवालं अर्धंसुद्धा. शेवटी २००९ चं. खोकला आला तेव्हा खोलीत कुणीही हललं नाही. "उदक हाडूं?" आलं तेव्हा आई पदर तोंडाशी धरून किंचित हसली.

जोडलेलं रूप पुतण्याने पुसलेलं नाही, मीही त्याला तसं सांगितलं नाही. ते त्याच्या संगणकात आहे. तो कधीतरी ऐकत असावा.

असो. एक सांगायचं राहिलं. तुमच्याही घरात अशा कॅसेटी असतील तर पाऊस सुरू होण्यापूर्वी बाहेर काढा. आपल्या गोव्याच्या दमट हवेत बुरशी चार महिन्यांत फीत खाऊन टाकते. आणि उतरवून घेताना खोकला काढू नका.