तीस किलोंतलं आळंद

मेलबर्नला जायचं ठरलं आणि पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांकडून याद्या यायला लागल्या. पैठणी घे, नथ घे, महाराजांची मूर्ती घे, मुलीसाठी लेझीम घे. सगळे प्रेमानंच सांगत होते, पण त्या यादीत आमचं घर कुठंच नव्हतं. आमच्याकडे पैठणी नेसलेलं मी कुणाला पाहिलं नाही. आज्जी, आई, काकू, सगळ्या इरकल नेसायच्या. आम्ही आळंदचे. घरात मराठी, शाळेत कन्नड, बाजारात या दोन्ही आणि वर दखनी. जमिनीचे जुने कागद उर्दूत, कारण मुलूख निजामाचा. 1 नोव्हेंबर 1956 ला हैदराबाद राज्याची वाटणी झाली, मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि आमचा गुलबर्गा जिल्हा म्हैसूरकडे. उमरग्याची आत्या त्या दिवसापासून परराज्यातली झाली. सोयरीक मात्र तुटली नाही, आजही आमच्या मुली तिकडं दिल्या जातात, तिकडच्या इकडं येतात. अशा घरातून निघताना काय न्यायचं ते दुसऱ्याच्या यादीवरून ठरवणं मला पटेना. जे आमच्या घरात खरंच वापरात होतं तेवढंच न्यायचं, असं मी मनाशी पक्कं केलं.

तिकिटावर माणशी 30 किलो होते. पहिला वाद वाकळेवरून झाला. नवऱ्यानं ती काट्यावर टाकली, साडेतीन किलो भरली. तिकडं पांघरुणं मिळतात, हे त्याचं म्हणणं चूक नव्हतं. आईसुद्धा म्हणाली, “अगं, जुन्या चिंध्यांची ती. लोक काय म्हणतील?” मी ती खाटेवर पसरली. वरचा थर आज्जीच्या दोन इरकलींचा, एक हिरवी, एक जांभळट. मध्ये आजोबांच्या धोतरांचे थर, ते दिसत नाहीत, हाताला जाड लागतात तेवढेच. एका कडेला इरकलचा लाल पदर तसाच ठेवलेला, त्यावरचे पांढरे दाते धुऊन धुऊन पिवळसर पडलेले. धावदोरा कडेनं सुरू होऊन आत आत वळत गेलेला, आणि एका कोपऱ्यात टाके अचानक लांब आणि वाकडे. तिथं आज्जीची नजर गेली होती, पुढचं काकूनं शिवलं. तो कोपरा दाखवल्यावर नवरा काही बोलला नाही. त्यानं आपले दोन स्वेटर बॅगेतून काढले.

पोथीचं वेगळं होतं. दत्तजयंतीच्या आठवड्यात बाबा गुरुचरित्राचा सप्ताह करायचे. आमच्या घरची रीत अशी की वाचायचं पुरुषांनी, बायकांनी ऐकायचं. निघायच्या आधी बाबांनी आपली छापील पोथी लाल फडक्यात बांधून माझ्याच हातात दिली आणि म्हणाले, “तू वाच.” त्या दोन शब्दांना आमच्या घरात किती वजन आहे हे घरच्यांनाच कळेल. ग्रंथकर्ते सरस्वती गंगाधर हे कडगंचीच्या सायंदेवांच्या वंशातले, आणि कडगंची आमच्याच तालुक्यात, गुलबर्ग्याच्या म्हणजे आताच्या कलबुर्गीच्या रस्त्यावर. आता तिथं केंद्रीय विद्यापीठ आहे म्हणून बाहेरच्यांना ते नाव ठाऊक असतं. सरस्वती गंगाधरांची मायबोली कन्नड होती असं अभ्यासक मानतात. कन्नड घरातल्या माणसानं मराठी ओव्या रचल्या आणि त्या महाराष्ट्रात घरोघर वाचल्या गेल्या. मुलीला गावाबद्दल एकच गोष्ट सांगायची झाली तर मी हीच सांगते.

पणजोबांची मोडीतली वही मात्र ठेवून यावं लागलं. तिच्यात हिशेब आहेत, औषधांचे पाठ आहेत, मधूनच अभंग उतरवलेले आहेत. पुरावशेषांविषयीचा 1972 चा कायदा आहे, त्याप्रमाणे 75 वर्षांहून जुनं आणि ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन मोल असलेलं हस्तलिखित खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. कायदा योग्यच आहे. पानापानाचे फोटो काढले आणि वही भावाच्या कपाटात ठेवली. मोडी वाचणारं माणूस आळंदच्या आसपासच सापडण्याची आशा जास्त, मेलबर्नात नाही. सासरचे देवाचे टाकही थोरल्या दिरांकडेच राहिले.

खाण्याच्या जिनसांत कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि ज्वारीचं पीठ घेतलं. तूप आणि पेढे घेतले नाहीत, दुधाच्या पदार्थांबाबत ऑस्ट्रेलियाचे नियम फार कडक. पेरायचं बीही सहजी नेऊ देत नाहीत. लाकडी पोळपाट-लाटणं आणि सगळं खाणं फॉर्मवर लिहून दिलं. विमानतळावरच्या बाईंनी लाटणं उजेडात फिरवून कीड लागलीय का ते पाहिलं, कडक भाकरीचा तुकडा मोडून वास घेतला आणि हसून परत दिलं.

तिथल्या पहिल्या डिसेंबरात येळवसेची अमावास्या आली. आळंदला त्या अमावास्येला शेतात ज्वारी डोक्याइतकी उभी असते, कडब्याच्या कोपीत चुना लावलेले पाच दगड पांडव म्हणून पुजतात, भज्जी आणि आंबील सगळ्या शिवाराला वाटतात. मेलबर्नात ऐन उन्हाळा. आईला फोन लावून भज्जी केली, वालाच्या शेंगा मिळाल्या नाहीत, वाटाण्यावर भागवलं. आंबील नेलेल्या पिठाची. परसात पाच दगड मांडले, मुलीनं त्यांना खडूनं पांढरं केलं, आणि शेजारच्या व्हिएतनामी कुटुंबाला जेवायला बोलावलं. त्या घरच्या आजीनं आंबील दोनदा मागून घेतली.

जेवण झाल्यावर मुलीनं त्या आजीसमोर वाकळ पसरून कुठला तुकडा कुणाचा ते सांगितलं. फोनवर ऐकत असलेल्या आईनं तिथल्या तिथं दुरुस्ती केली, की जांभळी इरकल आज्जीची नव्हे, उमरग्याच्या आत्याची. आता आईनं नवी वाकळ धरायला घेतलीय आणि तिला आमचे कपडे हवे आहेत. पुढच्या खेपेला भाऊ येईल तेव्हा त्याच्याबरोबर मुलीचा आखूड झालेला शाळेचा गणवेश पाठवायचा आहे, आणि नवऱ्याचे दोन सुती शर्ट.