क्लच, बोरघाट आणि डाळिंबी-भात

आपोआप गिअर बदलणारी गाडी हें आतां नवल राहिलें नाहीं. आमच्या घरांतील तरुण मंडळींस तर क्लच म्हणजे काय, हेंच समजावून सांगावें लागतें. त्यांच्यासाठीं, व ज्यांनीं तो दाबला आहे त्यांच्या करमणुकीसाठीं, हे चार शब्द.

१९७९ सालीं आमच्या तीर्थरूपांनीं प्रीमिअर पद्मिनी घेतली. कुर्ल्याच्या कारखान्यांत तयार होणारी ही गाडी मूळची इटलीची. म्हणून मुंबईंत तिला शेवटपर्यंत ‘फियाट’च म्हणत. गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खांबाला डाव्या अंगास असे. चालती गाडी पहिल्या गिअरांत घालूं जातां दांतेरी चाकें अशीं करकरत कीं शेजारी खिडकींतून डोकावत. दोनदां क्लच दाबून मध्यें ॲक्सिलरेटरवर अंमळ पाय द्यावयाचा, म्हणजे तीं निमूट बसत. ही कला वडिलांस साधली होती. मातोश्रींस त्यांच्याहून अधिक.

मातोश्री १९८४ सालीं शिकल्या. इंजिनाच्या आवाजावरूनच त्या गिअर बदलीत. आमटीस उकळी आल्याचें झांकण न काढतां कळतें तसेंच हें, असें त्यांचें म्हणणें. दरसाल मे महिन्यांत दादरहून पुण्यास आजोळीं जातांना खोपोलीनंतरची चढण त्यांच्याकडे असे. ज्या गिअरांत चढलों त्याच गिअरांत उतरावयाचें, हा त्यांचा दंडक. उतारावर न्यूट्रलमध्यें गाडी सोडून पेट्रोल वांचविणारे सोयरे आमच्यांतही होते. सारा भार ब्रेकवर पडून ते तापले कीं धरीत नाहींत, हें त्यांस सुनावतांना मातोश्रींनीं कोणाची भीड ठेवली नाहीं.

चढणींत रेडिएटरचें पाणी उकळे. शिंग्रोबास नाणें वाहून, पुढें जागा पाहून गाडी उभी करावयाची व निवूं द्यावयाची. त्या अर्ध्या तासांत भाताचा पितळी डबा उघडे.

तो भात असा: १ वाटी वाल रात्रभर भिजवून, फडक्यांत बांधून मोड आणावे व कोमट पाण्यांत टाकून सोलावे. (हें काम मुलांस द्यावें.) २ वाट्या तांदूळ धुवून निथळत ठेवावे. जाड बुडाच्या पातेल्यांत तेलावर मोहरी, हिंग, हळद, कढीलिंब यांची फोडणी करून डाळिंब्या मोडूं न देतां परताव्या. तांदूळ, २ चमचे गोडा मसाला व १ चमचा तिखट घालून पुन्हां परतावें. साडेचार वाट्या आधणाचें पाणी, मीठ व सुपारीएवढा गूळ घालावा. उकळी फुटतांच आंच मंद करून झांकावें. वरून साजूक तूप. प्रवासांत ओलें खोबरें घालूं नये. उन्हाळ्यांत भात लौकर आंबतो.

पुढें गाडी विकली. वडिलांचा डावा गुडघा क्लच सोसेना, तेव्हां त्यांनीं गाडी चालविणें सोडावें असें घरांत बहुमत झालें. ते कांहीं बोलले नाहींत. पण किल्ल्यांच्या खिळ्याकडे पाहणें आम्हांपासून लपलें नाहीं. २०१५ सालीं मातोश्रींनीं एकट्यांनीं तें बहुमत मोडून क्लच नसलेली लहान गाडी घ्यावयास लाविलें. अशा यंत्रास नांवें ठेवणारे पुष्कळ आहेत. वडिलांस पुन्हां बाहेर पडतांना पाहिल्यावर आम्हांस तें पटत नाहीं.

खरेदीपूर्वीं मातोश्रींनीं प्रश्न एकच विचारला: उतारावर हिला खालच्या गिअरांत धरून ठेवतां येतें ना? येतें. पाणी मात्र उकळत नाहीं, त्यामुळें डबा पुण्यास पोहोंचल्यावरच उघडतो.